जपानी पोरींची कुस्ती : खरी की नुरा?

प्रश्न : आमच्या घरात दोन पिढ्या तालमीत घुमल्या. आता नववीतल्या पुतणीला मोबाईलवर जपानी मुलींच्या कुस्त्या बघण्याचं वेड लागलंय. 'स्टारडम' नावाची कुणी कंपनी आहे म्हणे. चमचमते कपडे, रंगवलेले केस, दोरांवरून उड्या आणि शेवटी जिंकणारीच्या कमरेला पट्टा. माझे वडील म्हणतात, ही सरळसरळ नुरा कुस्ती आहे. पुतणी म्हणते, मार खरा असतो, रक्तही येतं. दोघांत कोण बरोबर? कुस्तीची कंपनी म्हणजे काय आणि ती फक्त बायकांची कशासाठी? आपल्याकडे असं काही कधी झालं होतं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचे वडील निकालाबद्दल बोलताहेत आणि पुतणी माराबद्दल. म्हणून दोघांचं एकमेकांना पटत नाही, आणि म्हणूनच दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आधी निकाल. स्टारडमसारख्या कंपनीत कुठली कुस्ती कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. ते कंपनीचा माणूस ठरवतो आणि दोघी पैलवानांना ते माहीत असतं. मधले काही डाव आधी बसवलेले असतात, काही रिंगणात एकमेकींच्या कानाशी बोलून तिथल्या तिथे रचले जातात. त्यामुळे मॅटवरच्या किंवा मातीतल्या निकाली कुस्तीच्या तराजूत ही कुस्ती घालता येत नाही. इथवर वडिलांचं म्हणणं मान्य.

पण तिला नुरा म्हणायला मात्र माझी हरकत आहे. आपल्या फडात नुरा कुस्ती होते तेव्हा दोन पैलवान प्रेक्षकांच्या आणि पंचांच्या पाठीमागे संगनमत करतात. लोक खरी लढत बघायला आलेले असतात, इनामाची रक्कम गावाने वर्गणीतून उभी केलेली असते आणि त्या सगळ्यांची फसवणूक होते. म्हणून नुरा खेळणाऱ्याचं नाव जातं, त्याच्या वस्तादाचंही जातं. जपानी कुस्तीत तिकीट काढणाऱ्यालाच ठाऊक असतं की निकाल ठरलेला आहे. तो लढतीचा रंग, डावांची सफाई आणि त्या दोघींमधलं चालत आलेलं वैर बघायला येतो. जिथे लपवाछपवी नाही तिथे फसवणूकही नाही.

आता मार. रिंगणाचा सांगाडा लोखंडी असतो, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर पातळ गादी आणि वर ताणलेलं जाड कापड. ही जमीन थोडीशी दबते, पण मऊ नसते. दोरांवरून पाठीवर पडायचं तर हनुवटी छातीला चिकटवून डोकं वाचवावं लागतं, आणि दोन्ही हात पसरून जमिनीवर आपटावे लागतात, म्हणजे आघात सगळ्या पाठीवर वाटला जातो. हे पडणं शिकण्यातच नव्या मुलीचे महिनेच्या महिने जातात. त्याबरोबर शेकड्यांनी बैठका, आपल्या तालमीत मारतात तशाच. एवढं करूनही कोपराचा तडाखा कोपराचाच असतो आणि छातीवरच्या चापटीचा वळ दुसऱ्या दिवशीही दिसतो. जपानी मुलींची कुस्ती तर तिच्या कडकपणासाठीच जगभर नावाजली जाते. मान दुखावणं, गुडघ्याचे सांधे निकामी होणं, खांदा निखळणं हे त्या धंद्यात नेहमीचं आहे. पुतणीला एवढं मात्र बजावून ठेवा की यातलं काहीही घरी गादीवर करून बघायचं नाही. समोरच्याला उचलून मानेवर आपटण्याचे डाव वर्षानुवर्षं शिकलेल्यांच्याही अंगाशी आले आहेत.

कंपनीचं म्हणाल तर आपला तमाशाचा फड डोळ्यांपुढे आणा. मालक एक, कलावंत ठरलेले, मुक्काम आज इथे तर उद्या तिथे, आणि प्रत्येकीची लोकांना ओळखीची झालेली भूमिका. जपानी कुस्तीची कंपनी अशीच गावोगाव फिरते. तरुण मुली सामान उचलतात, विक्रीच्या टेबलाशी बसतात, ज्येष्ठ मुलींच्या हाताखाली राबतात. उत्पन्न नुसत्या तिकिटांवर भागत नाही. सह्या केलेले फोटो, चाहत्यासोबत काढून दिलेली छायाचित्रं, टी-शर्ट आणि आता महिन्याच्या वर्गणीवर दिसणारं इंटरनेट प्रक्षेपण यांतून पैसा येतो. आवडती पैलवान रिंगणात आली की प्रेक्षक रंगीत कागदी फिती तिच्याकडे भिरकावतात, ते पुतणीने तुम्हाला दाखवलं असेलच.

स्टारडम त्यातल्या त्यात नवी. रॉसी ओगावा या जुन्या आयोजकाने २०१० साली ती उभी केली आणि २३ जानेवारी २०११ रोजी तिचा पहिला खेळ झाला. तिच्यात मुलींचे गट असतात, एका गटातून फुटून दुसऱ्यात जाणं हा कथेचा मोठा भाग असतो. एकेरीचे दोन मुख्य पट्टे, एक लाल आणि एक पांढरा. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमारास साखळी पद्धतीची '५ स्टार ग्रां प्री' भरते. २०१९ साली पत्त्यांचे खेळ बनवणाऱ्या बुशीरोड या मोठ्या उद्योगाने कंपनी विकत घेतली. २०२४ मध्ये ओगावा बाहेर पडला आणि त्याने मॅरिगोल्ड नावाची दुसरी कंपनी काढली. फडमालकांच्या फाटाफुटी तिथेही चुकलेल्या नाहीत.

आता तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न : फक्त बायकांची कंपनी कशासाठी? पुष्कळांना वाटतं की पुरुषांच्या कुस्तीला जोड म्हणून ही काढलेली असावी. तसं नाही. जपानात बायकांची कुस्ती पहिल्यापासून वेगळ्या चुलीवर शिजली.

नोव्हेंबर १९५४ मध्ये मिल्ड्रेड बर्क ही अमेरिकन पैलवान आपल्या सोबतिणींना घेऊन जपानात आली. तिच्या दौऱ्याने तिथल्या हौशी मंडळींना धीर आला आणि छोट्या छोट्या संस्था निघाल्या. त्या काही वर्षांत विझल्या. मग १९६८ साली मात्सुनागा बंधूंनी 'ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग' सुरू केली. पुरुषांच्या कुस्तीच्या कार्यक्रमात बायकांना मधली पंधरा मिनिटं देण्याऐवजी सबंध कार्यक्रमच बायकांचा. यात फुजी टीव्हीची साथ मिळाली आणि कंपनी घराघरांत पोचली. १९७६ साली जॅकी सातो आणि माकी उएदा यांची 'ब्यूटी पेअर' ही जोडी पुढे आली. त्या कुस्ती खेळायच्या आणि रिंगणात गायच्याही. त्यांच्या गाण्याच्या रेकॉर्डी लाखांनी खपल्या.

इथे एक गोष्ट घडली जी मला सगळ्या इतिहासात महत्त्वाची वाटते. बायकांची कुस्ती पुरुष बघायला येणार, असं मालकांनी धरलेलं होतं. प्रत्यक्षात प्रेक्षागृहं शाळकरी मुलींनी भरू लागली. तुमच्या पुतणीच्याच वयाच्या मुली. घरात, शाळेत, रस्त्यावर हळू बोल, नीट बस असं ऐकत मोठ्या झालेल्या मुलींना कुणीतरी आपल्यासारखीच मुलगी ओरडताना, पडताना, उठून पुन्हा भिडताना दिसत होती. १९८०च्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आस्का यांच्या 'क्रश गॅल्स' जोडीने तर कहर केला. पैलवान होण्यासाठी हजारो मुली अर्ज करू लागल्या. त्यांच्यासमोर खलनायिका होती डम्प मात्सुमोतो, रंगवलेला चेहरा, हातात काठी किंवा साखळी. २८ ऑगस्ट १९८५ रोजी ओसाकात नागायो आणि मात्सुमोतो यांची पैजेची कुस्ती झाली : हरेल तिने सगळ्यांसमोर डोकं भादरून घ्यायचं. नागायो हरली. रिंगणात तिचे केस उतरवले जात असताना प्रेक्षागृहातल्या मुली ओक्साबोक्शी रडत होत्या. हा निकालही ठरलेलाच होता, पण केस खरे गेले आणि रडूही खरं होतं.

याची काळी बाजू सांगितली नाही तर उत्तर अर्धवट राहील. मालक पुरुष होते आणि नियम त्यांचे. दारू नाही, सिगारेट नाही, मित्र नाही, आणि पंचविशी उलटली की निवृत्ती. ज्या वयात आपल्याकडे पैलवान भरात येतो त्या वयात या मुलींना निरोप दिला जाई. पुढे हा नियम सैल झाला. २० नोव्हेंबर १९९४ रोजी टोकियो डोममध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या मुलींचा प्रचंड मोठा कार्यक्रम झाला आणि तो मध्यरात्रीपर्यंत चालला. त्यानंतर उतार लागला, टीव्हीचा आधार सुटला, कर्ज वाढलं आणि २००५ साली मात्सुनागांची कंपनी बंद पडली.

पण तोवर मुलींनी धंदा शिकून घेतला होता. केस गमावलेल्या त्याच चिगुसा नागायोने स्वतःची 'गाया जपान' ही कंपनी काढली आणि १९९५ साली तिचा पहिला खेळ लावला. त्या पहिल्याच खेळात मेइको सातोमुरा ही पंधरा वर्षांची मुलगी उतरली. पुढे तिने सेंदाई शहरात मुलींची वेगळी कंपनी उभी केली, नव्या पैलवान घडवल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे तीस वर्षं खेळून, ती निवृत्त झाली. पंचविशीत निरोप देणाऱ्या मालकांना यापेक्षा चोख उत्तर नाही. मात्र आज स्टारडमच्या प्रेक्षकांत शाळकरी मुलींपेक्षा मोठ्या वयाचे पुरुषच जास्त दिसतात. हा बदल मला तरी आवडलेला नाही.

आणखी दोन गैरसमज जाता जाता दूर करतो. पहिला असा, की खलनायिका होणारी बाई स्वभावानेही तशीच असणार. ती भूमिका असते. पडद्यावर दिसतं तेच माणूस असं धरून चालणं किती महागात पडतं, हे स्टारडमच्याच हाना किमुरा या बावीस वर्षांच्या पैलवानाच्या बाबतीत दिसलं. एका टीव्ही रिअ‍ॅलिटी शोमधल्या तिच्या वागण्यावरून समाजमाध्यमांत तिच्यावर शिव्याशापांचा भडिमार झाला आणि मे २०२० मध्ये तिने जीवन संपवलं. त्यानंतर तिच्या आईने केलेल्या पाठपुराव्याने जपानात २०२२ साली अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवली गेली. पुतणी ज्या फोनवर कुस्त्या बघते त्यावरच असल्या प्रतिक्रियाही लिहिल्या जातात, म्हणून हे तिच्याशी बोला.

दुसरा गैरसमज असा, की जपानच्या मुली ऑलिंपिकमध्ये पदकं लुटतात त्या याच कंपन्यांतून घडलेल्या. ती वाट निराळी आहे. २००४ साली अथेन्सला महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली. तेव्हापासून साओरी योशिदाने तीन आणि काओरी इचोने चार सुवर्णपदकं मिळवली ती शाळा, विद्यापीठं आणि हौशी संघांतून तयार होऊन. तिथे निकाल ठरलेला नसतो. ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये आपल्या विनेश फोगाटने युई सुसाकीला ३-२ असं हरवलं तेव्हा सगळं जग चकित झालं, कारण त्याआधी सुसाकी आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकदाही हरलेली नव्हती.

आता आपल्याकडचं. होय, झालं होतं, आणि तेही मिल्ड्रेड बर्क जपानात पोचली त्याच वर्षी.

हमीदा बानू ही उत्तर प्रदेशातली पैलवान. सलाम पहिलवानाच्या हाताखाली अलिगडला तयार झालेली. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. मला हरवील त्याच्याशी मी लग्न करीन, असं आव्हान तिने पुरुषांना दिलं होतं. मे १९५४ मध्ये बडोद्याला तिने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत लोळवलं. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्तिलिनला तिने एक मिनिटाच्या आत हरवलं. वर्तमानपत्रांत तिच्या खुराकाचे आकडे छापून येत : साडेपाच लिटरच्या वर दूध, कोंबडी, मटण, बदाम, बिर्याणीच्या दोन थाळ्या. हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं, पण महाराष्ट्रात तिच्या वाट्याला आलं ते गमतीचं नव्हतं.

कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या कोल्हापुरात शोभासिंग पंजाबी या पुरुष पैलवानाला हरवल्यावर लोकांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. तिने थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आलं की कुस्त्यांवरची बंदी ती बाई आहे म्हणून नाही. आयोजक तिच्यासमोर बनावट पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे.

म्हणजे पाहा, तुमच्या वडिलांचाच आक्षेप : नुरा. तिच्या सगळ्या कुस्त्या निखळ होत्या असं मी म्हणत नाही. त्या काळी तिकीट लावून होणाऱ्या पुरुषांच्या फ्रीस्टाईल कुस्त्यांतही तमाशाचा भाग मोठाच असे. मग किंगकाँग आणि दारासिंगच्या कुस्त्यांना गर्दी करणाऱ्या याच समाजाला हमीदाबद्दलच एवढी निकाली कुस्तीची आठवण का व्हावी? पुरुषांची ठरवलेली कुस्ती करमणूक आणि बाईची ठरवलेली कुस्ती फसवणूक, हा न्याय मला पटत नाही. जपानात १९५४ नंतर बायकांच्या कुस्तीभोवती आयोजक, टीव्ही आणि शेवटी स्वतः मुली उभ्या राहिल्या. आपल्याकडे हमीदा एकटी होती. तिचं उरलेलं आयुष्य कल्याणला गेलं, तिथे दुधाचा धंदा करून तिने दिवस काढले आणि १९८६ साली ती वारली. ४ मे २०२४ रोजी गूगलने तिचं चित्र आपल्या पानावर लावलं तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर महाराष्ट्रातली मुलगी कुस्तीत आली ती करमणुकीच्या वाटेने नव्हे, तर मॅटवरच्या खेळाच्या वाटेने. कोल्हापूरच्या रेश्मा माने, मुरगूडच्या नंदिनी साळोखे यांची नावं तुमच्या वडिलांनी ऐकली असतील. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. मुलींची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला मार्च २०२३ उजाडला, आणि ती झाली सांगलीत. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून चांदीची गदा उचलली. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्यात पुरुषांच्या अंतिम लढतीत आपला सोलापूरचा महेंद्र गायकवाड होता, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. प्रतीक्षाचं नाव मात्र किती जणांना आठवतं?

अशा करमणुकीच्या कुस्तीतही भारतीय मुलगी गेली नाही असं नाही. हरियाणाची कविता देवी वेटलिफ्टिंगमधून आली, खलीच्या जालंधरच्या आखाड्यात शिकली आणि २०१७ साली अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती कंपनीच्या महिला स्पर्धेत सलवार-कमीज घालून उतरली. ती पहिल्या फेरीत हरली. ती स्पर्धा जिंकली काइरी होजो, काइरी सेन या नव्या नावाने. ती स्टारडममध्ये घडलेली होती. दोघींच्या अंगात जोर होता. एकीच्या मागे पन्नास वर्षांची तयार परंपरा होती आणि दुसरीच्या मागे जवळजवळ काहीच नव्हतं.

तेव्हा पुतणीला त्या कुस्त्या बघू द्या. वडिलांना तिच्याशेजारी बसवा. पकडी, उचल, पाठीवर घेणं यातलं खरं कसब कुठे आहे हे त्यांच्याइतकं चांगलं घरात कुणी सांगू शकणार नाही. उद्या तिला स्वतः खेळावंसं वाटलं तर सुरुवात मॅटवरच्या कुस्तीपासून करा, कारण आपल्याकडे मुलींसाठी वयोगट, वजनगट, पंच आणि प्रशिक्षक आहेत ते तिथेच. तालीम निवडताना मुलींची वेगळी तुकडी आहे का, त्यांच्यासाठी कपडे बदलायची आणि राहायची नीट सोय आहे का, एवढं आधी स्वतः जाऊन बघा.

आणि एक विनंती जिल्ह्यातल्या यात्रा कमिट्यांना. काही गावांत आता मुलींच्या कुस्त्या लागतात, पण त्या दुपारच्या उन्हात, फड भरायच्या आधी उरकल्या जातात आणि इनामही नावापुरतं असतं. यंदाच्या यात्रेत मुलींची एक तरी जोड शेवटच्या पाच कुस्त्यांत लावा, हलगी तिच्यासाठीही तेवढीच वाजू द्या आणि इनाम मुलांच्या बरोबरीने ठेवा.